आधी दाणा, मग धूर : बार्बेक्यू बीन्स नीट का शिजतात आणि का फसतात

पहिल्यांदा बार्बेक्यू बीन्स केले तेव्हा पांढरा राजमा रात्रभर भिजवला होता. सकाळी टोमॅटो, काकवी, मोहरी आणि व्हिनेगरचा सॉस केला, त्यात निथळलेला राजमा घातला आणि जाड बुडाचं भांडं झाकून ओव्हनमध्ये ठेवलं. तीन तासांनी सॉस आटून चकचकीत काळपट झाला होता, घरभर वास सुटला होता आणि दाणा मात्र दाताखाली कच्च्या शेंगदाण्यासारखा लागत होता. आणखी दोन तास ठेवलं. सॉस कडेनं करपला, दाणा तसाच. घरातल्या जुन्या बायका अशा वेळी म्हणतात, दाणा गणंग निघाला. पण त्याच पाकिटातला उरलेला राजमा दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात कुकरला लावला, तर तो लोण्यासारखा शिजला.

म्हणजे दाणा चांगला होता. त्याला शिजू दिलं नव्हतं ते सॉसनं. ही एक गोष्ट समजली की हा पदार्थ कधीच फसत नाही. त्यामुळे कृतीच्या आधी दाणा शिजतो म्हणजे काय होतं आणि धूर चिकटतो म्हणजे काय होतं, ते सांगते.

त्याआधी या पदार्थाचं गाव. अमेरिकेत बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या मंद धुरावर तासन्‌तास शिजवलेलं मांस, आणि त्याच्या शेजारी ताटात बटाट्याचं सॅलड, कोबीचं स्लॉ, मक्याचा ब्रेड आणि बीन्स. प्रत्येक भागाचे बीन्स वेगळे. कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि मळीच्या (उसातून साखर काढून घेतल्यावर उरलेल्या काळ्या पाकाच्या) दाट, गोडसर सॉसमधले. तिथे धुराच्या भट्टीत मांसाच्या खालच्या जाळीवर बीन्सचा ट्रे सरकवतात, म्हणजे वरून टपकणारी चरबी आणि धूर दोन्ही त्यात उतरतात. टेक्सासात पिंटो बीन्स, गोडवा जवळजवळ नाही, मिरचीचा झटका जास्त. कॅलिफोर्नियातल्या सांता मारियाला पिंक्विटो नावाचा इवलासा गुलाबी दाणा लागतो.

या सगळ्यांच्या मागे बोस्टनचे बेक्ड बीन्स आहेत. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेतले, प्युरिटन नावाच्या कडक ख्रिस्ती पंथाचे लोक रविवारी कुठलंही काम करत नसत, स्वयंपाकसुद्धा नाही. म्हणून शनिवारीच मातीच्या, पोटाशी रुंद भांड्यात बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस आणि मळी घालून ते मंद आचेवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच कोमट खायचे. ती मळी यायची कॅरिबियन बेटांवरून, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी राबवलेल्या उसाच्या मळ्यांतून. बोस्टनला ती मुख्यतः रम गाळण्यासाठी लागत असे. मळी त्या शहरात इतकी साठवलेली असायची की १५ जानेवारी १९१९ रोजी तिची एक प्रचंड टाकी फुटली आणि रस्त्यात आलेल्या लोंढ्यात २१ माणसं मेली. बीन्सच्या गोडव्याबद्दल बोलताना हा इतिहास मला वगळता येत नाही.

आणि प्युरिटनांच्याही आधी, आजच्या मेन राज्यातले पेनॉब्स्कॉट आणि त्यांचे शेजारी आदिवासी जमिनीत खड्डा खणून त्यात लाकडाचे निखारे करत, त्यावर बीन्सचं भांडं ठेवून वरून माती लोटत आणि रात्रभर तसंच राहू देत. मेनमध्ये आजही गावजेवणाला असे ‘खड्ड्यातले बीन्स’ करतात. अलिबागकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे लगेच कळेल. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, मडकं उपडं, भोवती जाळ. दाणा वेगळा, देश वेगळा, पण शेंगवर्गीय दाणा आणि धूर यांचं जमतं हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत होतं.

दाणाही तसा परका नाही. नेव्ही बीन्स (छोटे पांढरे दाणे), पिंटो, लाल राजमा, पांढरा राजमा, आपली फरसबी आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा ही सगळी एकाच प्रजातीची भावंडं. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. कोलंबसानंतर ते जगभर पसरलं. वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुलाबी अंगावर लाल रेघांचा हा दाणा लवकर मऊ होतो, म्हणून या पदार्थाला तो उत्तम लागतो. मिळाला तर आधी तोच घ्या. नाहीतर पांढरा किंवा चित्रा राजमा.

दाणा मऊ होतो म्हणजे काय

दाण्याच्या आत लाखो पेशी असतात. त्या एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. पेरूची जेली ज्यामुळे धरते तेच हे पेक्टिन. गरम पाण्यात ते हळूहळू विरघळतं, पेशी एकमेकींपासून सुटतात, आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि आपण म्हणतो दाणा शिजला. कच्चा दाणा म्हणजे चुन्यात घट्ट बसवलेल्या विटांची भिंत, शिजलेला दाणा म्हणजे चुना विरघळून मोकळ्या झालेल्या विटा.

आता हा चुना काही गोष्टींनी पक्का होतो. पहिली गोष्ट आंबट. टोमॅटो, व्हिनेगर, चिंच, लिंबू, काहीही. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला फार वेळ लागतो. दुसरी कॅल्शियम. पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये कॅल्शियम खिळ्यासारखं बसतं आणि त्या एकमेकींना धरून ठेवतात. मळी, काकवी, गूळ या सगळ्यांत कॅल्शियम आहे. तिसरी साखर, जी पाणी स्वतःकडे ओढून धरते आणि दाण्याला फुगू देत नाही. माझ्या त्या पहिल्या भांड्यात तिन्ही एकदम हजर होत्या. पाच तास काय, दहा तासांतही तो राजमा धड शिजला नसता.

याच कारणानं बोअरच्या जड पाण्यात डाळी शिजत नाहीत. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर राजमा भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी वापरा. एवढ्यानंही फरक पडतो. आणि दाणा जुना असेल तर? गरम, दमट जागी वर्षभर पडलेल्या कडधान्यात आतल्या आतच पेक्टिन आणि कॅल्शियमची गाठ घट्ट होत जाते. खरा गणंग तिथे तयार होतो. त्याला नंतर कितीही शिजवा, तो थोडा कडकच राहतो. म्हणून राजमा थोडा थोडा आणि जिथे माल लवकर खपतो अशा दुकानातून आणावा.

मिठाची गोष्ट बरोबर उलटी आहे, आणि इथे मला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक समज खोडावा लागेल. मिठानं दाणा कडक होतो असं आपण ऐकत आलो. भिजवताना मीठ घातलं तर साल उलट मऊ होते, कारण मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि खिळे निघतात. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट छोटे चमचे मीठ. रात्रभर त्यात भिजवलेला दाणा शिजताना फाटत नाही, साल सुटून वर तरंगत नाही आणि मीठ आतपर्यंत पोचलेलं असतं. हे एकदा करून पाहाच.

खायच्या सोड्यानंही दाणा झटपट मऊ होतो, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर तुटतं. पण चिमटीभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, दाण्याचा गाळ होतो आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. पाणी जड असेल किंवा दाणा जुना असेल तरच मी तो वापरते.

आता या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग. आंबट, गोड आणि कॅल्शियम, जे कच्च्या दाण्याला शिजू देत नाहीत, तेच शिजलेल्या दाण्याला मोडू देत नाहीत. आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ केलेला राजमा या सॉसमध्ये घाला आणि दीड तास मंद आचेवर ठेवा. त्याची खीर होत नाही. सॉस आटत जातो, चव आत मुरते आणि प्रत्येक दाणा अख्खा, आतून लोण्यासारखा राहतो. बोस्टनच्या बायकांनी रात्रभर भांडं चुलीत ठेवलं तरी दाणे विरघळले नाहीत ते मळीमुळे. साध्या पाण्यात इतका वेळ ठेवले असते तर वरण झालं असतं.

म्हणजे क्रम पक्का: आधी दाणा पूर्ण शिजवायचा, मगच सॉस. ‘थोडा कच्चा असू दे, सॉसमध्ये शिजेल’ हा विचार बाकी कुठल्याही उसळीत चालेल, इथे नाही.

धूर म्हणजे नेमकं काय

भरिताचं वांगं गॅसवर भाजलेलं आणि खानदेशात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं, यातला फरक ज्याला कळतो त्याला धुराबद्दल फार सांगावं लागत नाही. तरीही तो फरक येतो कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोन साखरेच्या साखळ्या आहेत. त्या जळताना गोडसर, कॅरमलसारखे वास सुटतात आणि पदार्थाला तपकिरी रंग चढतो. ज्याला आपण खरा ‘धुराचा वास’ म्हणतो तो येतो लिग्निनमधून. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा भाग. तो तापून तुटतो तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही दोन संयुगं तयार होतात. ढोबळमानानं पहिल्यातून धुराची चव येते आणि दुसऱ्यातून सुगंध. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी अशी कठीण, पानगळीची झाडं अमेरिकेत धुरासाठी वापरतात कारण त्यांच्यात सिरिंगॉल देणारं लिग्निन असतं. पाइनसारख्या चिकाच्या लाकडाचा धूर कडवट, डांबरट येतो.

लाकूड भडकून पेटलं तर सगळी संयुगं जळून जातात आणि उरते फक्त उष्णता. धुमसतं तेव्हाच चव तयार होते. पण हवा अगदीच कमी पडली तर दाट पांढरा धूर येतो आणि त्यानं पदार्थ कडू होतो. बार्बेक्यूवाली माणसं पातळ, निळसर धुराची वाट बघत बसतात ती याचसाठी.

आता आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न. आपण धुंगार देतो: निखारा वाटीत ठेवायचा, वर तुपाची धार सोडायची आणि झाकण लावायचं. वास छान येतो, पण तो लाकडाचा नसतो. कोळसा म्हणजे लाकूड आधीच जळून उरलेला कार्बन. त्यातलं लिग्निन कोळसा होतानाच संपलेलं असतं. धुंगाराचा वास मुख्यतः निखाऱ्यावर जळणाऱ्या तुपाचा. दाल मखनीला तो शोभतो. बार्बेक्यूचा वास हवा असेल तर त्याच निखाऱ्यावर तुपाऐवजी आंब्याच्या वाळक्या लाकडाची अंगठ्याएवढी ढलपी ठेवा, किंवा करवंटीचा छोटा तुकडा. ती धुमसायला लागली की पातळ धूर निघतो, आणि तो लाकडाचाच असतो. लाकूड कोरं हवं. रंग, पॉलिश लागलेलं किंवा प्लायवूड चुकूनही नको. आणि खिडकी उघडी ठेवूनच हे करा. बंद स्वयंपाकघरात निखारा ठेवणं धोक्याचं आहे, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

धुराचा दुसरा नियम असा की तो फक्त पृष्ठभागावर बसतो. ओल्या आणि थोड्या गार पृष्ठभागावर चांगला बसतो, आणि त्यातली पुष्कळशी संयुगं स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात. म्हणून धूर देताना भांडं खोल नको, पसरट कढई हवी. म्हणूनच अमेरिकेत त्या बीन्समध्ये चरबी पडते: चरबी धूर धरून ठेवते. आपण चरबी नको म्हटलं आणि तेलही काढून टाकलं, तर धूर धरायला काही उरत नाही आणि बीन्स नुसते गोड-आंबट लागतात. दोन मोठे चमचे तेल सहा माणसांच्या पदार्थात फार नाही. तेवढं असू द्या.

धुराची भट्टी नसताना घरात धूर आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आधीच धुरावलेला मसाला. स्पेनच्या ला व्हेरा भागात पिकलेल्या लाल मिरच्या ओकच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात आणि दळतात. त्याला इथे स्मोक्ड पाप्रिका म्हणून विकतात. बहुधा तिखट नसते, रंग आणि धूर भरपूर. मेक्सिकोतली चिपोत्ले म्हणजे धुरावलेली हालापेन्यो मिरची. नावातच नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषेतला ‘धूर’ आहे. ती तिखट असते. आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातली मोठी काळी वेलची! सिक्कीमकडे ती लाकडाच्या भट्टीवर वाळवतात, म्हणून तिला तो कापरासारखा, धुरट वास असतो. एक वेलची ठेचून घातली तरी बीन्सला खोली येते. दोन घातल्या तर पुलाव वाटायला लागतो.

बाटलीतल्या धुराबद्दल लोक नाक मुरडतात. १८९५ साली कॅन्सस सिटीतल्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्यानं तो विकायला आणला. खऱ्या लाकडाचा धूर थंड करून पाण्यात पकडलेला असतो आणि गाळताना त्यातला डांबराचा भाग बऱ्यापैकी बाजूला निघतो. त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटत नाही. मात्र पूर्ण भांड्याला पाव चमचा, बस. त्याच्या वर गेलात तर जेवण विझवलेल्या शेकोटीसारखं लागतं.

आता करायचं कसं

हे प्रमाण सहा माणसांना जोडपदार्थ म्हणून. पाव किलो पांढरा राजमा किंवा वाघ्या घेवडा मिठाच्या पाण्यात ८ ते १० तास भिजवा. ते पाणी फेकून द्या, दाणे धुऊन घ्या, दोन बोटं वर येईल इतकं नवं पाणी आणि एक तमालपत्र घालून कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा, पाणी, कुकर प्रत्येक घरी वेगळे, म्हणून वेळेपेक्षा परीक्षेवर भरवसा ठेवा. पाच दाणे काढा, एकेक जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबा. पाचही दात न लावता दबले पाहिजेत. एकही दाणा अडला तर परत पाच मिनिटं. ही परीक्षा मी कधीच टाळत नाही. शिजलेलं पाणी वाटीत काढून ठेवा, टाकू नका.

कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा. दोन मोठे कांदे बारीक चिरून मंद आचेवर चांगले २० मिनिटं परता, कडा तपकिरी होईपर्यंत. इथे घाई केली तर त्याची भरपाई पुढे साखरेनं करावी लागते. नीट परतलेल्या कांद्याचाच गोडवा पुष्कळ असतो. पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून टाका. आच बंद करा आणि मग दोन छोटे चमचे स्मोक्ड पाप्रिका गरम तेलात ढवळा. पेटत्या आचेवर ती क्षणात करपते आणि कडू होते. पाप्रिका नसेल तर ब्याडगीचं तिखट घ्या, धूर नंतर देऊ.

पुन्हा आच लावून तीन पिकलेल्या टोमॅटोंचा रस, ठेचलेली एक काळी वेलची, थोडी मिरपूड, एक छोटा चमचा फेसलेली मोहरी, एक छोटा चमचा सोया सॉस आणि दोन मोठे चमचे काकवी घाला. मोहरी आपण लोणच्याला फेसतो तशीच, नाकात जाणारी. काकवीबद्दल एक शब्द: अमेरिकेतली मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, किंचित कडवट पाक. आपली काकवी म्हणजे गुऱ्हाळातला गूळ व्हायच्या आधीचा रस, साखर न काढलेला, म्हणून जास्त गोड आणि मवाळ. ती बदली म्हणून घेताना मळीपेक्षा कमी घ्यायची. काकवी नसेल तर काळसर, चिकट गूळ चालतो, पांढराफटक गूळ नको.

सॉस दहा मिनिटं रटरटला की शिजलेले दाणे आणि काढून ठेवलेलं दीड वाटी पाणी घाला. एक पळीभर दाणे कढईच्या कडेला दाबून मोडा. त्यांचा स्टार्च सॉस दाट करतो आणि मैदा, कॉर्नफ्लोर काही लागत नाही. ओव्हन असेल तर पसरट भांड्यात, झाकण न ठेवता, १६० अंशांवर तासभर. नसेल तर कढई तव्यावर ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं, मधून मधून तळापासून हलवत. झाकण ठेवायचं नाही, कारण पाणी उडालं पाहिजे आणि वरचा थर थोडा खरपूस, चिकट झाला पाहिजे. तो थर परत आत ढवळा, पुन्हा नवा येतो. ती खरी चव. सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळ असतानाच थांबा, कारण गार होताना स्टार्च घट्ट होतो.

धूर द्यायचा असेल तर आता, आच बंद करून पाच मिनिटं गेल्यावर. कढईच्या मध्ये स्टीलची वाटी, त्यात लालबुंद निखारा, त्यावर लाकडाची ढलपी. धूर यायला लागला की झाकण, तेही अगदी घट्ट नको. चार-पाच मिनिटं, मग झाकण काढून ढवळा. हवं तर आणखी एकदा. धूर वाढवणं सोपं, काढून घेणं अशक्य.

सगळ्यात शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर आणि चव घेऊन मीठ. व्हिनेगर आधी घातलं तर त्याचा वासाळ, टोकदार भाग उडून जातो. शेवटी घातलं की गोडवा एकदम जागेवर येतो.

आरोग्याचं बोलायचं तर

बीन्स पौष्टिक आहेत यात वाद नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम नेव्ही बीन्समध्ये साधारण ८ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतुमय भाग आणि १४० कॅलरी असतात. राजम्याचे आकडे याच्या आसपास, तंतू थोडे कमी. फोलेट आणि पोटॅशियम चांगलं असतं, लोहही असतं, आणि टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वामुळे ते लोह शरीरात नीट शोषलं जातं. अडचण बीन्सची नसते, त्यांच्याभोवतीच्या गोष्टींची असते. नेहमीच्या अमेरिकी कृतींत अर्धा कप मळी आणि वर तपकिरी साखर सहज पडते, डुकराचं खारवलेलं मांस पडतं, डब्यातल्या बीन्समध्ये साखर आणि मीठ दोन्ही भरपूर असतं. वरच्या प्रमाणात सहा जणांना मिळून सुमारे ४० ग्रॅम काकवी आहे, म्हणजे ताटात सात ग्रॅमच्या आत. एवढ्यात गोडवा पुरतो कारण कांदा आणि टोमॅटो आपलं काम करतात.

अमेरिकेत गेलेल्या शाकाहारी मंडळींना हेही सांगते: बार्बेक्यूच्या पंगतीत बीन्स दिसले म्हणून ते शाकाहारी समजू नका, आधी विचारा. या बीन्समध्ये पुष्कळदा पडणाऱ्या वूस्टरशायर सॉसमध्येही मासे असतात. म्हणून वर मी सोया सॉस घेतला आहे.

यासोबत काय खावं? मक्याचा ब्रेड आणि बीन्स ही जोडी अमेरिकेत उगीच पडलेली नाही. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी दाण्यात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. मका, ज्वारी, बाजरीत नेमकं उलटं. एकाच जेवणात दोन्ही आले की प्रथिनांची बाजू पूर्ण होते. ज्वारीची गरम भाकरी, वर हे बीन्स आणि कांद्याची फोड. माझ्या घरी ते जोडपदार्थ राहतच नाहीत, जेवण होतात.

वायू होण्याची भीती अनेकांना असते. दाण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या मोठ्या आतड्यापर्यंत तशाच जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. भिजवलेलं पाणी फेकल्यानं त्यातल्या काही निघून जातात. बाकी सवयीचा भाग आहे. आठवड्यातून एकदा अर्धी वाटी, मग हळूहळू वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारून खावं.

एक गोष्ट मात्र ठळकपणे. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. कच्चे चार-पाच दाणेसुद्धा जोरदार उलट्या-जुलाब करायला पुरतात. भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळत्या पाण्यात निदान ३० मिनिटं शिजवल्यावर किंवा कुकरमध्ये ते नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसतं कोमट शिजवलं तर ते कमी होण्याऐवजी वाढू शकतं. परदेशात स्लो कुकरमध्ये सकाळी कच्चा राजमा टाकून कामाला जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं: आधी वेगळ्या भांड्यात उकळा किंवा कुकरला लावा, मगच स्लो कुकर. इथेही क्रम तोच, आधी दाणा.

केल्या दिवसापेक्षा हे बीन्स दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, कारण गार होताना दाणे सॉस आत ओढून घेतात. गार झाले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस उत्तम राहतात. गरम करताना दोन चमचे पाणी घाला, मंद आच, आणि व्हिनेगरचे चार थेंब नव्यानं. धूर मात्र पुन्हा द्यावा लागत नाही, तो तेलात तसाच बसलेला असतो.